आठाच्या आधीचं टिंब

व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे बसलिंगप्पाजी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आमच्या रसायनतज्ज्ञ जोहरा मॅडम, आणि पाणीपुरवठा केंद्रातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मॅडमच्या गुणांची यादी इतरांनी वाचली. मी, वीरभद्र, फक्त एक दुपार सांगतो.

सोळा सालचा उन्हाळा. आपल्या केंद्रातून चाकूरकडच्या वाड्यांना टँकर जायचे. टँकरमध्ये क्लोरीनचं द्रावण किती घालायचं, ते संगणकातली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, सांगायची. उत्तर यायचं शून्य दशांश आठ लिटर. त्या आठवड्यात संगणक बदलला, स्क्रिप्ट तीच राहिली.

मॅडम भरणकेंद्रावर आल्या आणि थबकल्या. वास उग्र होता.

"मलप्पा, किती घातलं?"

मलप्पा आदल्याच दिवशी रुजू झालेला. "आठ लिटर, मॅडम. पडद्यावर आठच हाय."

मॅडमनी ओढणीनं पडद्यावरची धूळ पुसली. आठाच्या आधी बारीक टिंब होतं. टिंबाच्या आधीचं शून्य मात्र नव्हतं.

"टँकर?"

"गेला की."

चालक चांदपाशा फोन उचलेना. आम्ही जीप काढली. मंडळी, वाटेत मॅडम पुन्हा पुन्हा चांदपाशाला फोन लावत होत्या. तहानलेली वाडी वास आला म्हणून थांबणार होती का?

पोचलो तेव्हा टँकरच्या नळीतून पाणी सुटलं होतं. मॅडमनी धावत जाऊन कॉक बंद केला. बायका खवळल्या. "आता वतून टाकता व्हय पाणी?" पण वाडीतल्या धोंडाबाई तांब्या रिकामा करून बसल्या होत्या. "घसा जळून राहिला गं, बाई," म्हणाल्या आणि ओकल्या.

डॉक्टर येईपर्यंत मॅडम त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. इतकी घाबरलेली बाई मी पाहिली नव्हती. संध्याकाळी धोंडाबाईंनी चहा मागितला, तेव्हा मॅडम जीपमागे जाऊन रडल्या.

पाणी ओतून टाकलं नाही. वाडीच्या उघड्या हौदात सोडलं, त्यात बिनऔषधाचं पाणी मिसळलं, तपासलं, मगच घागरी भरू दिल्या.

असं झालं कसं? संगणक कक्षाच्या रेवणप्पांनी उलगडून सांगितलं. जुनं-नवं दोन्ही यंत्रं युनिक्स प्रणालीचीच, दोन्हींत गणित करणारा 'बीसी' नावाचा प्रोग्रॅम. पण दोन ठिकाणी तो वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेला. एक टिंबाआधी शून्य छापतो, दुसरा छापत नाही. "दोन्ही बरोबरच आहेत," ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर असूनही माणूस गेलं असतं, रेवणप्पा."

त्याच दिवशी त्यांनी स्क्रिप्टचं उत्तर मिलिलिटरमध्ये करून घेतलं. आठशे. टिंबच नको. आणि नवं यंत्र आलं की आधी हातानं सोडवलेली गणितं त्याला घालून पाहायची, हा दंडक घातला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नवी यंत्रं येताहेत आणि तेव्हा मॅडम केंद्रात नसतील. खरं सांगू? मला भीती वाटते. सकाळी त्यांना विचारलं, आता तरी निर्धास्त व्हाल ना? म्हणाल्या, "वीरभद्र, मी घरचं पाणीसुद्धा अजून हुंगूनच पिते."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आनंदाच्या दिवशी जिवाला घोर लावणारं बोललो, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपलं माणूस समजून सांभाळून घ्या.