जबड्याचं हाड आणि सकाळचं बातमीपत्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या ज्येष्ठ वृत्तनिवेदिका बाई, त्यांचे यजमान, आणि रेडिओ केंद्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंच्या आवाजाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांच्या जबड्याबद्दल बोलणार आहे. हसू नका, माझा नाइलाज आहे.

तीन वर्षांपूर्वी ध्वनिफितींच्या खोलीतलं लोखंडी कपाट पाय मोडून कोसळलं. खाली मी उभी होते. बाईंनी मला ढकललं आणि कपाटाची कड त्यांच्या तोंडावर बसली. वरचे पुढचे दात गेले, त्यांना धरून ठेवणारं हाडही गेलं. मला साधा ओरखडा नाही. दुसऱ्या सकाळी त्यांचं बातमीपत्र कोणी वाचलं? मीच, त्यांच्या हाताखालची निवेदिका. दुसरं होतं कोण?

इंप्लांट, म्हणजे कृत्रिम दातांना धरणारे स्क्रू, बसवायचे, तर आधी हाड हवं. दातांचे सर्जन म्हणाले, स्क्रू धरायला काही उरलेलंच नाही. त्यांनी तिथे हाडाची पूड भरली, वर पातळ पडदा घालून टाके घातले. पुढे टाके उसवले, पू झाला, भरलेलं सगळं काढून टाकावं लागलं. डॉक्टर हे सांगत असताना बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? म्हणजे बातमीपत्र अजून माझंच. क्षणभरच आलं, पण आलं. तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

त्यानंतर माझं वाचन घसरलं. श्रोत्यांना कळलं नाही, बाईंना कळलं. त्यांनी घरी बोलावून घेतलं. तोंड सुजलेलं, शब्द फुसफुसत बाहेर पडणारे. मी सगळं सांगून टाकलं, दवाखान्यात मनात आलेलं तेही. त्यांचे यजमान उठून आत निघून गेले.

बाई म्हणाल्या, "वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पण वाचायला आवडतं हा काही गुन्हा नव्हे. चोरासारखी वाचू नकोस. मी परत येईन तेव्हा खुर्ची मागून घेईन."

दुसऱ्या खेपेला त्यांच्याच खालच्या जबड्याच्या मागून हाडाचा तुकडा काढून वर बसवला. म्हणजे जखमा दोन. महिनोन्महिने मऊ खाणं आणि वाट बघणं. पण हाड रुजलं. त्यात इंप्लांट बसले, त्यांवर दात बसले, आणि एका सकाळी बाई येऊन खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. मी उठले. हायसं वाटलं आणि रागही आला. दोन्ही खरं.

आज त्या निवृत्त होत आहेत. उद्यापासून ते बातमीपत्र पुन्हा माझ्याकडे येतंय, या वेळी कोणाचे दात न पाडता.

मघाशी जिना चढताना त्यांनी बजावलं, "आज माझी माफी मागायची नाही." म्हणून मागत नाही.

अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आपण उदार मनाने पदरात घ्या. बाईंकडून मात्र तेवढी अपेक्षा नाही. त्या उद्या सकाळी रेडिओ लावून बसणार आहेत.