पोटातलं नाव

“आजी, बाळाला पोटात असताना खरंच ऐकू येतं का?”

कोरियातल्या जन्जू शहरातल्या प्रसूतिगृहात मी हे चक्क मोठ्यानं विचारलं. ‘तुझ्या तोंडून निघणारच नाही,’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. माझी आई चव्वेचाळिसाव्या वर्षी गरोदर आहे, आणि घरात आम्ही ते कुजबुजूनच बोलतो. आई-बाबा आत तपासणीला गेले होते. समोर एक आजी, त्यांची सून आणि रडणारा नातू बसले होते.

“न यायला काय झालं? सूनबाई, दाखव हिला.”

“शी-ऊ, ए शी-ऊ, गप रे राजा.”

“बघ, ढिम्म. ते कागदावरचं नाव. आता माझं ऐक. कोंगी, ए कोंगी.”

“गप्पच झाला की, आजी.”

“होणारच. पहिल्या तपासणीत सोयाबीनच्या दाण्याएवढा दिसला, म्हणून पोटातलं नाव कोंगी. हिच्या पोटाशी रोज हाका मारायचे. ही लाजायची.”

“भर बाजारात मारायच्या, सासूबाई. कोबी निवडता निवडता.”

“मग? नातू आहे माझा, चोरीचा माल नाही. तुमच्या बाळाचं काय नाव गं, पोरी?”

“अजून ठेवलं नाही.”

“अगं, मग ते वळून बघणार कुठल्या हाकेला?”

तेवढ्यात आई-बाबा बाहेर आले. आई नेहमीसारखी कोट पोटावर ओढून घेत होती.

“आई, बाबा, बाळाचं नाव मी ठेवलंय, तोरी. आजपासून रोज मीच हाक मारणार, मोठ्यानं. आणि आई, तो कोट काढ. त्याला नीट ऐकू यायला हवं.”