अध्यक्षाचा पासपोर्ट

(फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू आहे. जेद्दा, अल अझीझिया. सकिनाचं घर. तिचा मोठा भाऊ गफूर आणि त्याचा दोस्त इस्मत चहाला बसलेत. जुम्म्याच्या नमाजानंतर कोकणी जमातीची बैठक आहे. नवा अध्यक्ष निवडायचाय.)

सकिना : नाही म्हणजे नाही. तुम्ही भाईचं नाव सुचवलंत, तर आम्ही बायका पडद्यामागून रय्यानचं नाव घेऊ. मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

इस्मत : अगं, सख्खा भाऊ तुझा! आजवर जमातीचा अध्यक्ष एकमतानेच झालाय. आणि आता लढाई चालू असताना फाटाफूट? लोक शेण घालतील तोंडात.

सकिना : लढाई आहे म्हणूनच बोलते. एरवी ईदची बिर्याणी नि क्रिकेटच्या मॅची करायला भाई उत्तम आहे.

गफूर : बिर्याणीला नावं ठेवू नकोस हां. दोनदा वाढून घेतली होतीस.

सकिना : हसण्यावारी नेऊ नकोस, भाई. माझा नवरा तिकडे तबूकला लष्कराच्या विमानतळाशेजारी बांधकामावर आहे. रोज सायरन. फोनवर आवाज ऐकलास नबीलचा? झोप नाही, जेवण नाही. मध्येच गप्प होतो आणि मला वाटतं, लाइन गेली.

इस्मत : म्हणूनच तर गफूर पाहिजे! रय्यान बँकेतला पोरगा, अरबी फाडफाड बोलतो, हिंमत आहे, सगळं कबूल. पण डोकं? लॉण्ड्रीचा मालक, तो अरब कफील, त्याच्या अंगावर गेला. म्हणे, कामगारांचे पासपोर्ट अडकवून ठेवणारे तुम्ही कोण? कफील म्हणाला, खलास! मेहेकचा नवरा तिथे कामाला, त्याची मंजूर झालेली रजा गेली बोंबलत. आणि हा आपला गफूर बघ. कफीलपुढे तासन् तास कहवा पीत बसेल, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करील, उंटांची करील, आणि उठता उठता काम करून घेईल.

गफूर : गुडघे खरंच दुखतात बिचाऱ्याचे.

सकिना : गोड बोलणं निराळं, इस्मतभाई, नि पाय रोवून उभं राहणं निराळं. कुवेत पडलं तेव्हा मशिदीबाहेर ह्यानेच सगळ्यांना सांगितलं ना, घाबरू नका, जेद्द्याला काही होत नाही? आणि त्याच आठवड्यात रईसाभाभी नि पोरं रत्नागिरीला रवाना.

गफूर : तिची आई आजारी होती.

सकिना : तुझी सासू ठणठणीत आहे. काल मी फोन लावला तर तिनेच उचलला. माझ्यावर खेकसली पण.

इस्मत : अगं, बायकापोरं पाठवली तर काय गुन्हा झाला? मी पण पाठवली असती, आमची ऐकते कुठे! तो स्वतः तर राहिला ना इथे?

सकिना : विचारा त्याला, कुठवर राहणार आहे.

इस्मत : म्हणजे?

गफूर : सकिना, चहा गार होतोय सगळ्यांचा.

सकिना : होऊ दे. भाभी काल फोनवर म्हणाली, मंगळवारी हे येताहेत, तुझ्या पोरांचे जुने स्वेटर असले तर दे त्यांच्याबरोबर. तिला वाटलं, मला ठाऊकच असणार.

इस्मत : गफूर?

गफूर : रजा आहे रे. थोडी.

इस्मत : किती थोडी?

गफूर : लढाई मिटेपर्यंत.

इस्मत : या अल्ला! आणि मी सकाळपासून दारोदार फिरतोय, गफूरलाच करा, गफूर भरवशाचा माणूस! अरे, जायचंच होतं तर अध्यक्षपद कशाला हवं होतं? दुकानावर पाटी लावायला?

गफूर : नाव मागे घेतलं असतं तर चार जणांनी विचारलं असतं, का? निवडून आल्यावर गेलो की म्हणतील, रजेवर गेला. तसाच गेलो तर म्हणतील, पळाला.

इस्मत : पळतोच आहेस तू!

गफूर : हो, पळतोय! शेजारी ऐकतील, हळू बोल. तुम्हाला काय सांगू? बाजूच्या दुकानाचं शटर जरा जोरात पडलं तरी मी काउंटरखाली असतो. गिऱ्हाइकं वाकून बघतात, शेठ गेले कुठे. रात्री नळ ठिबकला तरी उठून बसतो. मला नाही सोसत हे. मी काय करू?

इस्मत : मग संपलं. रय्यानच बरा. डोकं नसेल, छाती तर आहे! घे सकिना, जिंकलीस तू.

सकिना : जिंकून काय करू? रय्यान परवा आला होता. मी न मागता त्याने आपला पासपोर्ट पुढे केला. म्हणाला, मी नबीलसाठी जामीन राहतो. इथूनच तबूकच्या कफीलला फोन लावला. कफील म्हणाला, त्या तोंडाळ पोराचा पासपोर्ट मला नको. गफूरचा आणा, नबीलला त्याच दिवशी जेद्द्याला सोडतो.

इस्मत : रीत तर तीच आहे आपली. माणूस अडला की अध्यक्षाने आपला पासपोर्ट त्याच्या कफीलकडे ठेवायचा, माणूस कामावर परतला की उचलायचा. म्हणून तर ज्याचा पासपोर्ट स्वतःच्या हातात, त्यालाच आपण अध्यक्ष करतो. पण मग तू रय्यानचं नाव कशाला घेत होतीस?

सकिना : ह्याला झोंबावं म्हणून! केव्हापासून विनवतेय, भाई, नबीलसाठी जामीन राहा. बघू, बघू, बघू. दुसरं काही तोंडातून येईल तर शपथ.

गफूर : कारण पासपोर्ट तिकडे गेला की मी इथे अडकलो, सकिना. लढाई मिटल्याशिवाय नबील तबूकला परतणार नाही, आणि तो परतल्याशिवाय कफील माझा पासपोर्ट देणार नाही.

सकिना : अडकशील, हो. मी नाही अडकले? पोरांना घेऊन? तुझं तिकीट निघालं, माझं कुणी काढायचं? भाई, मला शूर भाऊ नकोय. तू थरथर काप, काउंटरखाली बस, मी तिथे भाकरी आणून देईन. कुणी हसलं तर त्याचं थोबाड फोडीन. पण माझ्या पोरांचा बाप मला आणून दे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही हे, आणि ह्याचाच मला राग येतो.

इस्मत : गफूर, बांग होईल आता. काय करू मी? तुझं नाव घेऊ का नको?

गफूर : तुझ्या दुकानाला तबूकहून टमाट्यांचा ट्रक आलाय ना?

इस्मत : आलाय. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर परत निघेल. का?

गफूर : ड्रायव्हर कसा आहे?

इस्मत : मलबारी आहे. सरळ माणूस.

गफूर : मग हा घे माझा पासपोर्ट. कफीलच्या हातातच द्यायला सांग.

सकिना : भाई! खिशातच घेऊन फिरत होतास?

गफूर : उशीखालीही ठेवला नाही कधी. अंगावरच असतो. सकिना, रडू नकोस. नबील दारात आला की काय रडायचं ते रड.

इस्मत : मंगळवारचं तिकीट?

गफूर : रईसाला मी सांगतो. तिच्या आईला नाही सांगणार, तेवढी हिंमत नाही माझी. आणि नाव सुचवताना लोकांना सांग, गफूर घाबरट आहे. मग ज्याला हात वर करायचा तो करील.

इस्मत : उमेदवाराबद्दल असं कुणी सांगतं का, यार?

गफूर : तू सांग. यल्ला, ऊठ. आणि इस्मत, ट्रक सुटेपर्यंत तो पासपोर्ट तुझ्याकडेच राहू दे. बैठक संपली की मी मागायला येईन. देऊ नकोस.