गंगू गेली नाही

(डमडम, विमानतळाजवळचं घर. दुपारची वेळ. कुसुम स्वयंपाकघरात बसून आपल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून दाखवते आहे. सव्वीस वर्षं तिच्याकडे स्वयंपाकाला असलेली मंगला मटार सोलत ऐकते आहे.)

मंगला : थांबा वहिनी. ही अमृता परत खिडकीशी जाऊन उभी ऱ्हायली?

कुसुम : हो. का गं?

मंगला : ती उभी ऱ्हायली की दोन-दोन पानं जातात. गंगू मात्र एकदाबी उभी ऱ्हात न्हाई.

कुसुम : गंगू त्यांच्याकडे स्वयंपाकाला आहे ना. तिच्यामागे कामं असतात. अमृता पडली साहेबांची बायको, तिला रिकामपण खायला उठतं. दोघींमधला तोच तर फरक दाखवायचाय मला.

मंगला : मी रोज चारला गॅलरीत बसते की. विमानं बघत. तुमी झोपलेल्या असता.

कुसुम : कसला विचार करतेस तेव्हा?

मंगला : न्हाई सांगणार. पुस्तकात घालाल.

कुसुम : चेष्टा पुरे. परवा हे हस्तलिखित पुण्याला प्रकाशकाकडे जायचंय. दोघी कशा वाटल्या, तेवढं सांग.

मंगला : अमृता हुबेहूब जमलीय. रागावली की भांडी घासायला घेते, ते तर अगदी तुमीच.

कुसुम : आणि गंगू?

मंगला : गंगू लई चांगली हाये. इतकं चांगलं कोन असतं का?

कुसुम : तू आहेस.

मंगला : ते पान परत वाचा. अमृताच्या पोरीला ताप येतो ते.

कुसुम : ‘गावाहून फोन आला. गंगूची आई अत्यवस्थ होती. अमृताने लगेच तिला सांगितले. गंगू डोळे पुसत म्हणाली, “बाईसाहेब, बाळीला अशा तापात टाकून मी कुठे जाऊ?”’

मंगला : लगेच सांगितलं?

कुसुम : कादंबरी आहे, मंगला.

मंगला : फोन मंगळवारी आला होता. मला तुमी गुरुवारी सांगितलंत. त्याच रात्रीच्या गाडीनं निघाले. शनिवारी पोचले. आई शुक्रवारीच गेली.

कुसुम : तुला हे… कधीपासून माहीत आहे?

मंगला : दादानं तेराव्यालाच सांगितलं. मंगळवारपासून दाराकडं डोळे लावून होती म्हणाला.

कुसुम : आणि तरी परत आलीस? चोवीस वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस?

मंगला : जाणार कुठं? नवऱ्यानं टाकलेली. गावातलं घर आई होती तवर माझं. तुमी लिवलंय, गंगू मायेपोटी थांबली. माया होती, न्हाई कशाला म्हणू. तुमच्या गौरीवर होती. पण आधी पोट होतं.

कुसुम : गौरीला टायफॉइड झालेला. बराकपूरच्या त्या क्वार्टरमध्ये मी एकटी, हे टूरवर, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे तर बंगाली भाषा येत नव्हती. रोज वाटायचं, आज ताप उतरेल, उतरला की सांगते. मंगला, मी…

मंगला : ठाऊक हाये. थर्मामीटर फुटला तुमच्या हातातनं, काचा मीच वेचल्या. मग ते का न्हाई लिवलं? अमृता कशी देवीसारखी बसलीय तिथं.

कुसुम : लाज वाटली.

मंगला : मटार संपले. बटाटे द्या इकडं.

कुसुम : फाडून टाकू का सगळं?

मंगला : फाडता कशाला? चार वर्षं लिवताय. तेवढं नीट करा. अमृताला घाबरू द्या. फोन लपवू द्या तिला. आणि गंगूला गावाला जाऊन कळू द्या ते. कळून मग परत येऊ द्या.

कुसुम : वाचणाऱ्यांना अमृताचा राग येईल.

मंगला : येऊ द्या की. मलाबी आला होता.

कुसुम : अजून आहे?

मंगला : हाये. रोज नसतो.

कुसुम : …ते पेन दे जरा. परवा नाही पाठवत मी हे.

मंगला : घ्या.

कुसुम : तुझ्या आईचं नाव काय गं?

मंगला : सरस्वती. पण सगळे सरूच म्हणायचे.