हौसाबाईच्या सैपाकघरातली दुसरी बाई

ऐका. शेकोटीजवळ सरून बसा, आन् मधनंमधनं हुंकार देत जावा. हुंकार थांबला की मला कळत न्हाई मानूस झोपलं का पळालं.

तर ह्यो रंगराव शिंगटे, आपल्याच खालच्या आळीचा. बत्तीस वर्सं एसटीवर डायवर. रिटायर झाला आन् एक टेंपो घेतला, त्याचं घर केलं. घर म्हंजे मागं खाट, एका अंगाला गॅसची शेगडी, भांड्यांची मांडनी, पान्याची टाकी, एवढीशी मोरीसुद्धा. अख्खं गाव बघून गेलं. आमचा म्हादबा तर मोरीत पाय धुऊन आला. गाव म्हनायचं, घरगाडी.

पन त्या गाडीवर खरा जीव कुनाचा, तर हौसाबाईचा, रंगरावच्या बायकोचा. लगीन होऊन आली ती चार जावांच्या सैपाकघरात. मीठ कुठल्या डब्यात ठिवायचं ते सासू ठरवायची, सासूमागनं थोरली जाऊ. पस्तीस वर्सं बाईनं सोताच्या मनानं एक चमचा खिळ्याला अडकवला न्हाई. गाडीत शेगडी बसली त्या दिशी तिनं आतनं दार लावून घेतलं आन् तासभर नुसते डबे लावत बसली. भाईर आली ती रंगरावला म्हनली, "हितं माझ्याबगर कुनी हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई."

पैली सहल समिंदर बघायला न्यायची ठरली. निघायचं दुपारी, पन जावा नारळ घिऊन आल्या, कुनी हातावर दही घातलं, बोलता बोलता दिवेलागन झाली. गुरव म्हनला, "रंगा, सकाळी जा. करंजखिंडीतनं राती जाऊ नगं." रंगराव हसला. म्हनला, "बत्तीस वर्सं राती गाड्या हाकल्या मी." हाकल्या की. पन त्या खिंडीतनं एसटी कवाच जात न्हवती, ते गडी सोयीनं इसरला.

खिंडीच्या तोंडाला करंजाचं झाड. झाडाखाली बाई हुबी. हिरवं लुगडं, डोईवर पदर, काखंत गठुडं. तिनं हात केला.

आता शाना मानूस काय करील? गाडी पळवील. पन ह्यो एसटीचा गडी. हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. थांबला, आन् सवयीनं म्हनला, "चला, आत सरा, आत सरा." मागचं दार वाजलं. बघतो तर झाडाखाली कुनी न्हाई, गाडीतबी कुनी न्हाई. हौसाबाई शेजारच्या शिटावर घोरतीया. म्हनला, वारं आसंल.

दोन मैल गेला. परत तेच झाड. तीच बाई, तोच हात. पाय परत ब्रेकवर, परत दार वाजलं. तिसऱ्यांदाबी तसंच. सोताच्या पायाला शिव्या देत व्हता, पन पाय ऐकतोय कुठं? आन् दर खेपंला गाडी आनखी जड. दुसऱ्या गेरवर चढनारी गाडी पैल्यावर रडाय लागली.

मंग मागनं खुडखूड. भांडं वाजलं. शेगडी पेटली. आल्याचा वास आला. रंगरावला बरं वाटलं, म्हनला, उठली जनू. कानाजवळ बांगड्या वाजल्या, कप फुडं आला. त्यानं घेतला, फुरका मारला आन् म्हनला, "साखर जरा जादा झाली गं."

मागनं आवाज आला, "उद्यापास्नं कमी घालीन."

उद्यापास्नं? रंगरावनं शेजारी बघितलं. हौसाबाई तिथंच, तोंड उघडं टाकून झोपलेली. आरशात बघितलं. शेगडी पार मागल्या टोकाला, आठ फूट लांब. बाई शेगडीपाशीच बसलेली. हात मातूर तिथनं हितपतूर आलेला. कप सुटून च्या मांडीवर सांडला की हो त्याच्या.

त्यानं हौसाबाईला कोपरानं ढोसलं. ती उठली, मागं वळली. आन् काय बघितलं आसंल तिनं? उलटी पावलं? आठ फुटी हात? छ्या. मिठाचा डबा जागचा हलला व्हता. चमचे खिळ्यावरनं काढून बरनीत हुबं केलं व्हतं.

"डब्याला हात कुनी लावला?"

"मीच की," बाई म्हनली. "लई अडचनीचं लावलं व्हतं तुमी. आता मी राहनार, तर माझ्या सोयीनं नगं?"

"राहनार?"

"दिवाळीला भाऊ न्ह्यायला येनार व्हता. आलाच न्हाई. वाट बघता बघताच गेले मी. तवापास्नं हात करून हुबी हाय, पन कुनी थांबत न्हाई. ह्यो थांबला, आन् सोबत घरबी घिऊन आला. आता मी उतरत न्हाई."

असं म्हनून तिनं एक हात लांबवून सगळ्या दारांच्या कड्या घातल्या. दुसरा लांबवून स्टेरिंग धरलं. गाडी दरीच्या कडंकडंनं चालाय लागली. रंगरावनं देवाची नावं घेतली, तीबी अर्धी अर्धी.

आता हौसाबाईचं ऐका. खोटं कशाला सांगू, भ्याली ती. पन मरायचं भ्या एक, आन् परत दुसरीच्या हाताखाली सैपाक करायचं भ्या एक. दुसरं मोठं ठरलं. तिनं पदर खोचला, मागं गेली आन् मऊ आवाजात म्हनली, "उठ बाई शेगडीपास्नं. माहेरवाशिनीनं चुलीम्होरं बसायचं नसतं."

बाई थबकली. माहेरवाशीन म्हनून तिला कवा कुनी हाकच मारली न्हवती. हौसाबाईनं तिला खाटंवर बसवलं. बुंदीचं लाडू दिलं. कुकू लावाय गेली, तर गाडीच्या हिसक्यानं कुकू नाकावर गेलं. खन, नारळ, तांदूळ घालून वटी भरली. बाई रडाय लागली, आन् रडता रडता तिचं हात आखडत आखडत तुमच्या-माझ्याएवढं झालं. स्टेरिंग सुटलं. गाडी थांबली. कुठं, तर त्याच करंजाखाली.

आता वटी भरली की लेकीनं निघायचं असतं. रीतच हाय, तिलाबी ठावी व्हती. गुमान उतरली. खाली उतरून हौसाबाईला "येते गं आई" म्हनली, आन् रंगरावकडं बघितलं. "दादा, दिवाळीला न्ह्यायला येशील न्हवं?"

ऐका, खरा घात हितं व्हता. मेलेल्याला दिलेला शब्द मोडता येत न्हाई. आन् ह्यो भोळा, डोळं भरलेलं. 'व्हय' म्हनाय त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात हौसाबाईनं अख्खा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. "हाना गाडी," म्हनली. त्यानं हानली ती उजाडस्तवर थांबला न्हाई.

सकाळी समिंदर दिसला. रंगराव जित्ता राहिलो म्हनून वाळूत लोळला. हौसाबाई भाईर आलीच न्हाई. शेगडीपाशी बसलेली, मिठाचा डबा परत जाग्यावर, आन् ही रडतीया.

"आता कशाला रडतीस? सुटलो की."

"लेक म्हनून वटी भरली," ती म्हनली, "आन् 'ये' म्हनायची पाळी आली तवा तुमचं तोंड बंद केलं. माझ्या डब्यांसाठी केलं वो मी."

परतताना त्येंनी चाळीस मैलांचा वळसा घातला. तुमीबी घाला. त्या खिंडीकडं फिरकू नगा. ती वंगाळ हाय म्हनून न्हवं. तिला 'व्हय'बी मिळालं न्हाई आन् 'नगं'बी न्हाई. करंजाखाली हुबीच हाय अजून. जो थांबंल त्येला एकच इचारती, "आईनं धाडलं का?" आन् त्येला काय सांगायचं, ते आजवर कुनालाच सुचलेलं न्हाई.