तव्याचं भोक

किन्हीराजाच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावात आवाजातलं माह्याइतकं कोनालेच समजत नाई, हे लिहून घ्या भाऊ. असं म्हननारा मी एकलाच हावो हेबी लिहा, दुसरा अजून भेटला नाई.

माहा जलम इथलाच. बाप लग्नाच्या मांडवाचे बांबू गाडे. शायेत मी दीड दिवस गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी म्हने पुंडलिक, तू घरी जाय, तुले शिकवाची गरज नाई. माह्या मायले वाटलं पोरगं लय हुशार निंघालं, मलेबी तसंच वाटलं. मंग कासमचाचानं मले हाताखाली घेतलं. चाचाचा लाउडस्पीकर आन् गाने वाजवाचं मशीन होतं, लग्नात लावाचं, आन् तो सोता वाशीमच्या एका बँडमंदी क्लारनेट वाजवे. माह्यं काम काय, तं लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधाचा. एक डाव भोंगा वर राह्यला आन् मीच खाली आलो, सीदा वऱ्हाड्याईच्या पंगतीत. तरी चाचानं काढलं नाई मले. म्हने हा पडला तं पडला, भोंगा नाई पडू देल्ला.

तवा म्हन्जे काय तं रेकॉर्ड, भाऊ, गान्याची तबकडी. आमी तिले तवाच म्हनो, भाकरीच्या तव्यासारखी कायीकुट्ट राहे म्हनून. तं त्या बँडवाल्याईनं मुंबईले जाऊन एक तवा काढला, आन् त्याच्यात एका बाजूनं नुस्तं कासमचाचाचं क्लारनेट. कंपनीनं एकच तवा त्याले देल्ला. चाचानं तो रुमालात बांधून आनला आन् माह्या हातात देल्ला, म्हने पुंडल्या, आजच्या लग्नात लाव, पाहू गाव काय म्हन्ते. मी लावला. काय सांगू तुमाले, क्लारनेट असं डुले, असं डुले, जसा दारू पेलेला मानूस बांधावरून चालते. सूर वर जाये, खाली ये, पुन्हा वर जाये. मांडवातले लोकं हासले.  त्या दिवसापासून चाचाचं क्लारनेट पेटीत गेलं ते गेलंच. कोनी इचारलं तं म्हने, माहा सूर कच्चा हाये बाबा, मशीन कायले खोटं बोलन.

याले झाले चाळीसच्या वर वर्सं. चाचानं धंदा सोडला, मशीन मले देल्लं, तवाबी माह्याच जवय राह्यला. आता यंदा तो काठी टेकत घरी आला. डावा कान गेला, उजवाबी चालला म्हने, डॉक्टरनं सांगतलं. तं पुंडल्या, कान बुजाच्या आंधी एक डाव मले तो तवा आयकव, खरंच मी बेसूर होतो का, येवढं पाहू दे. मी म्हनलं चाचा, चार दिवस दे, मशीन साफ करतो.

बसलो मंग. सुई पाह्यली तं तिच्यावर कापसाची गाठ, ते काढली. तवा रिठ्याच्या पान्यानं धुतला, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला. खरखर गेली. फिरवाचं रबर ढिलं होतं, वाशीमले जाऊन नवं आनलं. मशीनखाली पुठ्ठा देऊन देऊन ते सपाट केलं. आन् लावला तवा. सूर डुलूनच राह्यला! मंग दुसरा तवा लावला, गान्याचा, तो सुतासारखा सरका. बाप्पा! मशीन चांगलं, सुई चांगली, म्हन्जे खोट चाचाच्या फुंकीतच हाये का? आता त्या बुढ्या मान्साले मी कोन्या तोंडानं सांगू? खोटं सांगू का मशीन बिघडलं म्हनून?

माही बायको शेवंता, ते बाजूले डाय निवडून राह्यली होती. ते म्हने, इतका येय कानानं आयकून राह्यले, जरा डोयानं पाहा की. तो सुईचा दांडा एका जागी नाई, इकडून तिकडं झुलून राह्यला. जात्याचा खुंटा ढिला झाला की जातं असंच डुलते. या तव्याचं भोक मधात नाई.

 भाऊ, ते भोक मीच वाढवलं होतं. त्या लग्नाच्या दिवशी नवा तवा मशीनच्या मधल्या काडीवर बसेना, भोक लहान पडे. मी घेतली गोल कानस आन् घासलं, गोऱ्ह्याचं नाक टोचावं तसं, एकाच आंगानं. हे मी कोनाले सांगतलं नाई. इसरलो होतो असंबी नाई. पन त्याच्यानं सूर डुलते हे या आवाजाच्या पंडिताले कोठं मालूम!

मंग शेवंतानं एका बोटानं तवा जरासा सरकवला, मी दांडा पाहो. अजून जरासा. लय झालं, मांगं घे. असं करता करता दांडा ठायीच उभा राह्यला. मोकया फटीत फड्याची, म्हन्जे झाडूची, काडी खोसली.

दुसऱ्या दिवशी चाचाले आनलं, उजवा कान मशीनच्या आवाजाच्या डब्ब्याजवय करून बसवलं. लावला तवा. सरका, भाऊ. मधासारखा उतरे तो सूर. चाचानं डोये मिटले, बोयक्या तोंडाचे ओठ आत दाबले, आन् तव्यातलं क्लारनेट जथी दम घे तथीच चाचा दम घे.

मले राहावलं नाई. मी त्याचे पाय धरले, तिथंच सारं सांगतलं, चाचा, भोक मी वाकडं केलं, तुह्यं क्लारनेट माह्या कानशीनं बंद पाडलं, आन् लेकरावानी रडाले लागलो.  मले वाटलं आता बसते काठी. त्यानं एक डोया उघडला आन् म्हने,

अबे गधड्या, जे केलं ते केलं, आता मधात कायले बोलून राह्यला, तुह्यं रडनंबी बेसूरच हाये. चूप बस आन् पयल्यापासून लाव.