भिंत सुकली

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंना शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण बहिणीचा आवाजच तसा होता.

"गोळ्या बंद का केल्यास?"

"बीपी नॉर्मल आलं होतं, ताई."

"गोळ्यांमुळेच आलं होतं ना ते? प्लंबर ना तू? काटा जागेवर दिसला म्हणून गिऱ्हाईकाचा प्रेशर व्हॉल्व्ह काढून आणलास कधी?"

"नाही."

"स्वतःचा बरा काढलास. प्रेशर चढलं, डोक्यातल्या नळ्या झिरपल्या, मेंदूची मागची भिंत ओल धरून फुगली. वर झटका आला आणि डोळे गेले. अक्कल आधीच गेली होती."

"डॉक्टर म्हणाले ना, प्रेशर उतरलं की भिंत सुकते. सुकली. मला सगळं दिसतंय. सोमवारपासून कामावर जातो."

"हो का? मग ही घे गोळी."

शिंपीणबाईंनी मान वळवली. बहिणीचा पुढे केलेला तळहात रिकामा होता आणि भाऊ त्यावर बोटांनी चाचपडत होता.

"पडली वाटतं खाली."

"पडायला आधी हातात असावी लागते. आता आत गेल्यावर डॉक्टरांना तरी खरं सांग."